सासूबाईंची नडगी आणि माझं जिलेटिन

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४
आजपासून रोजनिशी. संशोधकाने नोंदी ठेवाव्यात, नाहीतर श्रेय दुसराच लाटतो. (डोळ्यासमोर साडू.)

पार्श्वभूमी. सासूबाईंच्या उजव्या नडगीवर जखम आहे. ऑक्टोबरात स्टुलाची कड लागली, त्यात अंगात साखर, चार महिने झाले तरी भरायचं नाव नाही. जिने चढायची बंदी झाली म्हणून साडूच्या तिसऱ्या मजल्यावरून आमच्या तळमजल्यावर आल्या आहेत. आज डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं. सहा आठवडे वाट बघू. सोळा मार्चपर्यंत भरली नाही तर मांडीची कातडी काढून नडगीला लावावी लागेल. वय अठ्ठ्याहत्तर. ही कॉरिडॉरमध्ये जाऊन रडून आली. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की मांडीची कातडी नडगीला लावणार, मग मांडीला कुणाची लावणार? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

मी बाहेर बाकावर एक जुनं मासिक चाळत होतो. योगायोग म्हणतात तो हा! त्यात लेख: माशाच्या कातडीतून जिलेटिन काढतात आणि त्याच्या पातळ चकत्या जखमेवर लावायच्या पट्ट्या म्हणून वापरता येतील का, यावर संशोधन चालू आहे. कातडी आधी सोड्यात, मग व्हिनेगरमध्ये, मग गरम पाण्यात. शेवटचं वाक्य: पाण्याचं तापमान कधीही. इथे पान फाटलंय. पुढचं पान कुणीतरी लांबवलं.

काही बिघडत नाही. अर्थ उघड आहे. पाण्याचं तापमान कधीही कमी होऊ देऊ नये.

कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत. भांडारात होतो म्हणून काय झालं? माझ्या सहीशिवाय एक परीक्षानळी हलत नव्हती.

संकल्प: सासूबाईंचा पाय मी बरा करणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मासेवालीकडे गेलो. मासा नको, फक्त कातडी द्या म्हटलं. तिने विचारलं काकांकडे मांजरं किती. संशोधन आहे म्हणालो. तिने शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने तिच्याकडे बघितलं. दोन किलो पिशवीत घालून दिली. वर म्हणाली, उद्यापण या, नाहीतरी टाकूनच देतो.

हिने स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. मागच्या गॅलरीत जुनी विजेची शेगडी मांडली. बादल्यांना लेबलं लावली: क, ख, ग. हिने गांडुळांचा विषय काढला. गांडुळांचा विषय पुन्हा काढायचा नाही असं बजावलं. तो प्रयोग वेगळा होता आणि त्यात गांडुळांची चूक होती.

पट्टी बदलायला सिस्टर आली. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा वाजता येते. जखम सव्वाचार सेंटिमीटर. तिच्या मते उपाय तीनच: पाय वर ठेवणं, साखर आटोक्यात, रोज थोडं चालणं. आणि पेशंट तिन्हीपैकी एकही करत नाही. पाय खाली सोडून दिवसभर खुर्चीत, आणि उशीखाली गोड बिस्किटांचा डबा. मी तिला जिलेटिनबद्दल थोडक्यात, म्हणजे वीस मिनिटं, सांगितलं. तिला घाई होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दिवसभर खवले खरवडले. खवले चष्म्यावर, भुवयांत, चहात. बोका आला. (मागच्या गल्लीतला. हडकुळा, एक कान कुरतडलेला.) हाकलला.

संध्याकाळी उकळी. तापमान कधीही कमी होऊ दिलं नाही. चांगलं खदाखदा उकळलं, साडेतीन तास.

वरचे वकील खाली आले. हळू आवाजात विचारलं, घरात कुणी गेलं का, आणि गेलं असेल तर कधी? मी म्हटलं सगळे ठणठणीत आहेत. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. काहीतरी वास येतोय म्हणे. मला तर काही आला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११
गाळून आटवलं. रंग मधासारखा. ढवळताना पळी पातेल्याला चिकटली. पळी सोडवायला गेलो तर डावा तळवा पातेल्याला चिकटला. हिला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि आधी भाजी चिरून झाल्यावर परत आली. कोमट पाण्यात अर्धा तास.

निरीक्षण: चिकटण्याची शक्ती असाधारण.

ही म्हणाली याला डिंक म्हणतात. शास्त्रीय शब्द न वापरल्याने असे गैरसमज होतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार
यश! ट्रेमध्ये ओतून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. सकाळी काढलं तर काचेसारखी चकती. लवचिक. पारदर्शक. डोळ्यांत पाणी आलं. हिच्याही आलं, पण ती म्हणाली फ्रिजमधल्या दुधाला वास लागला म्हणून.

सासूबाईंना लावण्याआधी स्वतःवर चाचणी करावी हा संशोधकाचा धर्म. डाव्या पोटरीवर चकती लावली, वर पॅंट, आणि बॅंकेत गेलो. अकरा वीसपर्यंत उत्तम. अकरा वीसला पोटरीवरून काहीतरी ओघळायला लागलं. अकरा पंचवीसला बुटात. अंगाच्या उबेने चकती विरघळते असं दिसतं. फ्रिजमध्ये मात्र टिकते. (पाय फ्रिजमध्ये ठेवणं व्यवहार्य नाही. तरी नोंद करून ठेवतो.)

परतताना मागे चार मांजरं. बोका सगळ्यांत पुढे. बॅंकेचा रखवालदार दारापर्यंत सोडायला आला, पुन्हा येऊ नका म्हणाला नाही, पण त्याने दार लावून घेतलं.

जखम चार पूर्णांक एक.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
साडू आला. औषध कंपनीत एमआर आहे, तोंडात साखर आणि गळ्यात टाय. तयार पट्ट्यांचा खोका घेऊन आला. आल्या आल्या खिडकी उघडली, मग दुसरी उघडली, मग खिडकीतच उभा राहिला. मी त्याला नमुना क्रमांक तीन दाखवला. त्याने रुमालातून छान म्हटलं. जळतो, दुसरं काय.

सासूबाईंनी त्याला विचारलं, तुमच्याकडे वर हवा कशी असते. चांगली असते म्हणाला. वारा येतो का. येतो म्हणाला. मग मी येते, आत्ताच येते, असं म्हणून उठायलाच लागल्या. त्याने बसवलं. तीन मजले आहेत, जखम सुकेपर्यंत डॉक्टर पायरीही चढू देणार नाहीत. सुकली की लगेच या म्हणाला.

वयामुळे त्यांचे विषय असे भरकटतात. औषधाचं बोलणं चालू असताना वारा कुठून आला?

१४ फेब्रुवारी, शनिवार
लक्षणीय बदल. सासूबाई सकाळपासून पाय दोन उशांवर ठेवून बसल्या आहेत. बिस्किटांचा डबा स्वतः हिच्या हातात दिला. ही चक्रावली. मी नाही चक्रावलो. घरातच संशोधन चालू आहे म्हटल्यावर रुग्णाचं मनोबल वाढणारच.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
मी गॅलरीत होतो, हात सोड्यात. आतून सासूबाईंचा आवाज आला. हिला विचारत होत्या, मांडीची कातडी काढताना भूल देतात ना ग. मला कळेल का ग ते. आवाज लहान मुलीसारखा. सत्तावीस वर्षांत मला जावईबापू म्हणून टोमणे मारताना या बाईने कधी आवाज खाली आणलेला नाही. खरंच वाईट वाटलं. तसाच उभा राहिलो, हात काढायचंही सुचलं नाही.

बोटांची सालं निघाली आहेत.

संकल्प: उद्यापासून दोनऐवजी चार किलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
विरघळण्यावर तोड सापडली. भांडारात टॅनिक ॲसिडची बरणी असायची, त्यावर लिहिलेलं होतं की कातडी कमावायला वापरतात. ते चहातही असतं. म्हणजे चहात भिजवलं की चकती पक्की होणार. घरातली सगळी चहापूड उकळली. चकत्या रात्रभर बुडवल्या होत्या.

सकाळी चहा मिळाला नाही. विज्ञानासाठी हे सोसायला हवं, असं मी हिला सांगितलं. तिने सांगितलेलं लिहीत नाही.

दुपारी वाळल्यावर चकती टेबलावर टाकली तर टक्क असा आवाज आला. कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याला दाखवली. त्याने नखाने दाबून बघितली आणि कुठलं जनावर विचारलं. मासा म्हटल्यावर खो खो हसला. मग माझ्या डाव्या चपलेला तिचंच ठिगळ मारून दिलं. घट्ट बसलं आहे. डाव्या पायाने चाललो की मांजरं येतात.

निष्कर्ष: नको तितकं पक्कं झालं. आता फक्त प्रमाण गाठायचं.

जखम तीन पूर्णांक आठ. माझी पट्टी अजून लावलेलीही नाही आणि जखम घाबरली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
गाठलं! चहा दोन चमचे, ग्लिसरीन एक झाकण, दहा मिनिटं. नमुना क्रमांक सात. वाकतो, तुटत नाही, विरघळत नाही. नाव ठेवलं: जामात पट्टी.

सिस्टरला दिली. तिने हात मागे घेतले. निर्जंतुक आहे का विचारलं. मी म्हटलं साडेतीन तास उकळली आहे, अजून काय पाहिजे? मग कुठे वाळवली विचारलं. गॅलरीतल्या दोरीवर. ती म्हणाली ही पट्टी जखमेला लागली तर ती या घरात पुन्हा येणार नाही. काय हा तोरा! माणूस म्हणून बरी आहे पण दृष्टी नाही.

अशा वेळी ही मधे पडली. सगळे नमुने माझ्याकडे द्या म्हणाली. मंगळवार-शुक्रवार सिस्टर आली की खोलीचं दार लावून घेईन, आईला पुरुषमाणसासमोर संकोच वाटतो, नमुने जिथे जायला हवेत तिथे जातील, तुम्ही निर्धास्त असा. सिस्टरही लगेच तयार झाली. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली.

ही शेवटी माझ्या बाजूला आली. लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी का होईना. संध्याकाळी तिच्यासाठी अर्धा किलो चहापूड आणली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
नमुने सात आणि आठ हिच्याकडे दिले. दार लागलं. बाहेर येरझाऱ्या घातल्या. पाऊण तासाने दार उघडलं, जखम तीन पूर्णांक तीन! पट्टी दिसते का बघायला गेलो तर वरून बॅंडेज गुंडाळलेलं. बरोबरच आहे.

आलेख काढला. आडव्या रेघेवर नमुना क्रमांक, उभ्या रेघेवर सेंटिमीटर. रेघ कशी घसरगुंडीसारखी खाली येते! भिंतीला लावला. चिकटवायला नमुना क्रमांक दोन वापरला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
दोन पूर्णांक सात.

बोक्याने अंग धरलं आहे. अकराच्या सुमारास सासूबाईंच्या खिडकीखाली येऊन बसतो. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. बोक्याला वार कळतात! वेगळा अभ्यास करायला हवा. एका माणसाने किती आघाड्या सांभाळायच्या?

३ मार्च, मंगळवार
एक पूर्णांक नऊ. सासूबाई आता सकाळ-संध्याकाळ पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात. तोंडाने आकडे मोजतात. जेवणात स्वतःहून साखर नाही, भात मोजून. सिस्टर म्हणाली तीस वर्षांत असा पेशंट बघितला नाही. मी विनयाने काही बोललो नाही.

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. (नाकाला पदर. सर्दी असावी.) विचारलं, जावईबापू, हे उकळणं अजून किती दिवस? मी धीर दिला. म्हटलं, तुमचा पाय बरा झाला तरी थांबणार नाही. इतरही जखमी आहेत जगात. वर्षभर तरी चालेल, शिवाय आता मोठं पातेलं आणतोय. त्यांचे डोळे भरून आले. लगेच उठल्या आणि आणखी दहा फेऱ्या मारल्या.

माणसाला माणूस ओळखायला वेळ लागतो एवढंच.

६ मार्च, शुक्रवार
एक पूर्णांक दोन. मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. सोबत आलेख आणि नमुना क्रमांक अकरा. पोस्टातल्या बाईंनी पाकीट चिमट्याने उचललं आणि वेगळ्या खोक्यात ठेवलं. महत्त्वाचं टपाल वेगळं ठेवत असतील.

१० मार्च, मंगळवार
अर्धा सेंटिमीटर! सासूबाई फावल्या वेळात उंबऱ्यावर चढतात, उतरतात, चढतात, उतरतात. मजेशीर व्यायाम आहे.

बोका आता चालत नाही, डुलतो.

१३ मार्च, शुक्रवार
बिंदू. सिस्टर म्हणाली सोमवारी डॉक्टर बघतील, पण आता तिला काळजी नाही. हिने देवापुढे हात जोडले. मी गॅलरीत बादल्यांपुढे उभा राहिलो.

सोमवारसाठी भाषण तयार केलं. सुरुवात: मी एक साधा माणूस आहे. पांढरा शर्ट इस्त्री केला. इस्त्री तापली तशी ही दुसऱ्या खोलीत गेली.

१६ मार्च, सोमवार. दुपारी १
जखम भरली. पूर्ण. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितली, नवी गुलाबी कातडी, सासूबाईंची स्वतःची. मांडीला हात लावायचा नाही. ही रडली. मीही रडलो, लपवून काय उपयोग. सासूबाई म्हणाल्या, आता जिने चढू ना? डॉक्टर हो म्हणाले. मग त्याही रडल्या.

मग मी उठलो. आलेख उलगडला. मी एक साधा माणूस आहे, इथपर्यंत आलो. डॉक्टरांनी रेघ निरखून बघितली आणि हिला विचारलं ही पट्टी नेमकी किती वेळा लावली. ही जमिनीकडे बघायला लागली. सिस्टर आलीच होती, ती छताकडे.

सासूबाईंनी सांगितलं. एकदाही नाही. सगळ्या खिडकीतून बोक्याला. केराच्या डब्यात टाकल्या असत्या तर जावईबापूंना दिसल्या असत्या.

डॉक्टरांना खोकला आला. बराच वेळ येत होता. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, आजी, चार महिने ऐकलं नाही आणि एकदम सहा आठवड्यांत सगळं पथ्य कसं काय? सासूबाई म्हणाल्या, त्या वासात राहायचं म्हटल्यावर माणूस काय वाट्टेल ते करतो, डॉक्टर. पाय बरा झाल्याशिवाय सुटका नव्हती.

१६ मार्च. संध्याकाळी ६
शांत डोक्याने विचार केला. निराश व्हायचं कारण नाही. जिलेटिन नव्हतं तेव्हा जखम भरत नव्हती. जिलेटिन आलं आणि भरली. मधे स्पर्श झाला नाही एवढंच. म्हणजे शोध मी समजत होतो त्याहून मोठा आहे. जामात पट्टी लांबूनच काम करते. संपादकांना दुसरं पत्र लिहायला घेतलं आहे. मोठं पातेलंही ठरवून आलो.

१८ मार्च, बुधवार
सासूबाईंना साडूकडे पोहोचवलं. पिशवी माझ्याकडे. त्या पुढे, कठड्याला हातही न लावता. दुसऱ्या मजल्यावर मी दम खायला थांबलो, त्या थांबल्या नाहीत. वर जाऊन सरळ खिडकीशी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून एवढा मोठा श्वास घेतला की साडूने खुर्ची आणली.

मग मला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पाय वाचला तो जावईबापूंमुळे. टोमणा नव्हता. खरंच म्हणत होत्या. तुम्ही ते उकळलं नसतं तर मी तशीच पाय सोडून बिस्किटं खात बसले असते म्हणाल्या, आणि आज मांडी कापून घेत असते. माझा हात धरला. साडूने टाळ्या वाजवल्या. त्याही खऱ्या होत्या बहुतेक.

सहा आठवडे हेच वाक्य ऐकायची तयारी केली होती. भाषण खिशात होतं. तिथेच राहू दिलं.

ही पंधरा दिवस तिकडेच राहणार आहे. म्हटलं, आईंना आता सोबतीची गरज नाही, तुझा पाय तर ठणठणीत आहे, मग तू कशाला? ती म्हणाली तिला नाकही आहे.

एकटाच परत आलो. कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि वास आला. मला. पहिल्यांदाच. दोन तास त्या खिडकीतली हवा खाल्ली म्हणून असेल. पॅसेजपर्यंतसुद्धा जाता आलं नाही. दार उघडं टाकून बाहेर पायरीवर येऊन बसलो, हे इथेच बसून लिहितो आहे. मोठं पातेलं नको म्हणून कळवलं.

त्या बाईने सहा आठवडे हे सोसलं. पाय वर करून.